रविवारची गोळी

सिमेंटचा खांब नऊ मीटर उंच होता. वर चढायचं, कमरेचा पट्टा अडकवायचा आणि दोन्ही हात सोडून दाखवायचे, अशी परीक्षा होती. साकोलीच्या मैदानावर त्या दिवशी लाईनमनच्या भरतीसाठी एकशे चाळीस जण आले होते, त्यांत मुली बावीस. उत्पला रामटेके वर पोचली, पट्टा अडकवला, हात सोडले आणि खाली उतरायला जरा वेळ लावला.

"भेव लागून राहिलं का?" खालून परीक्षक ओरडला.

तिला भीती वाटत नव्हती. आपल्याला दम लागलेला नाही, हे ती वर थांबून दोनदा तपासून पाहत होती.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तीनच वर्षांपूर्वी दवाखान्याचा एक जिना चढताना तिला मध्ये बसावं लागत असे. पाचव्या वर्षी तिला सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रोग्यांना देतात ते लाल कार्ड मिळालं होतं. तिची मोठी बहीण आम्रपाली हिलाही तेच कार्ड होतं. दोघींनी मिळून शाळेचे किती दिवस बुडवले, याचा हिशेब त्यांची आई पंचशीला हिनेही कधी ठेवला नाही. आम्रपालीचं लग्न झालं, दिवस गेले आणि सातव्या महिन्यात छातीत दुखणं उतरून ती गेली. बावीस वर्षांची होती. मूलही गेलं.

आता उत्पला घेत होती ती गोळी दोन वर्षं आधी आली असती तर, असं म्हणायची त्या घरात कोणाची हिंमत नव्हती.

गोळीमागचं विज्ञान डॉक्टर हरकरे मॅडमनी उत्पलाला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात त्या रक्तविकारतज्ज्ञ होत्या. घाईत बोलत, पण अर्धवट सांगत नसत. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. उत्पलाच्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल चुकीचं बसलं होतं. तेवढ्या चुकीमुळे प्राणवायू उतरवून झाला, की हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या ताठ दोऱ्या होत, आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होई. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकत. जिथे अडकत तिथे रक्त पोचेनासं होई आणि हाड आतून पेटल्यासारखं दुखे.

पण या चुकीवरचा उतारा प्रत्येक रोग्याच्या शरीरातच असतो. आईच्या पोटात असताना बाळ वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन वापरतं आणि ते या दोऱ्यांत गुंतत नाही. त्याचं जनुक उत्पलापाशीही होतं आणि ते निर्दोष होतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होतं, एवढंच. बंद कोण करतं? पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या धाग्यावर शेकडो प्रकारची प्रथिनं बसलेली असतात. काही तो धागा गुंडाळून ठेवतात, काही जनुकं उघडतात, काही मिटतात. हाडाच्या मगजात, जिथे तांबड्या पेशी तयार होतात, तिथे बाळाच्या हिमोग्लोबिनचं जनुक मिटून ठेवणारं प्रथिन म्हणजे बीसीएल-अकरा-ए.

"रखवालदार म्हणा," मॅडम म्हणाल्या होत्या. "दार लावून समोर बसलाय. ही गोळी त्याच्यावर एक चिठ्ठी चिकटवते, आणि पेशी त्याला कचरा समजून मोडून टाकते. पेशी नवा रखवालदार बनवते, त्याला पाच-सहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला गोळी."

उत्पलाने रविवार धरला. सहा महिन्यांत तिच्या रक्तातलं बाळाचं हिमोग्लोबिन सहा टक्क्यांवरून अडतीसवर गेलं. त्यानंतर नऊ वर्षांत तिचं अंग एकदाही दुखलं नाही.

तिचं एकटीचंच नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, सगळीकडे हेच झालं. सिकलसेलचे वॉर्ड आधी अर्धे रिकामे झाले, मग दुसऱ्या कामांना दिले गेले. ठरावीक रक्तगटाचे दाते बोलावण्याची यादी कोणी चालवेनासं झालं. जुनी औषधं दुकानांत मिळेनाशी झाली. नव्या नर्सेसनी या दुखण्याचा रोगी पुस्तकात पाहिला होता, खाटेवर नाही. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. दुखणंच राहिलं नव्हतं.

प्रशिक वासनिक तिला नोकरीमुळेच भेटला. तो चुलबंद नदीवरच्या पाणीपुरवठा योजनेचा पंप ऑपरेटर होता. पंपाचा ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा तीन गावांना दोन दिवस पाणी नव्हतं. उत्पला आणि तिच्यासोबतच्या लाईनमनने तो बदलला. प्रशिक खाली उभा राहून दर दहा मिनिटांनी "किती वेळ लागन जी?" असं विचारत होता. वर्षभराने त्यांनी विहारात लग्न केलं. त्याचं कार्ड पांढरं होतं, म्हणजे त्याच्या रक्तात हा दोष नव्हता. तिचं लाल कार्ड त्याने एकदा हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. त्याच्या लेखी तो जुना कागद होता.

उत्पला तिसाव्या वर्षी गरोदर राहिली, ती ठरवून नव्हे. मूल हवं असेल तर चार महिने आधी गोळी बंद करायची, असं पाकिटावर लाल अक्षरांत छापलेलं असे. तसं पुढच्या वर्षी करायचं दोघांचं ठरलं होतं. पण तांबी सरकली होती आणि कळायला सहा आठवडे लागले.

जुलैमध्ये दोघं नागपूरला गेली. हरकरे मॅडमनी सोनोग्राफी पाहिली आणि खुर्ची पुढे ओढली.

"शेवटची गोळी कधी घेतली?"

"परवा. रविवारी."

"आता घेऊ नका. तुमचं काहीही ठरलं तरी या आठवड्यापासून नाही."

प्रशिकने विचारलं, "मॅडम, गोळी तर रक्तावर काम करते नं? बाळाले काय होते?"

"तेच सांगते. हा रखवालदार फक्त रक्तात असता तर मी चिंता केली नसती. शरीर तेच प्रथिन वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या कामाला लावतं. हाडाच्या मगजात ते हिमोग्लोबिनचं दार लावतं. बाळाच्या मेंदूत तेच प्रथिन दुसऱ्या जनुकांवर बसतं आणि कोणत्या चेतापेशीने कुठे जायचं, कोणाला जोडून घ्यायचं, हे ठरवायला मदत करतं. ज्या मुलांत ते जन्मतःच अर्धं असतं, ती उशिरा चालतात, उशिरा बोलतात, काही फार कमी बोलतात. तुमचा मेंदू तयार झालेला आहे, आणि ही गोळी तुमच्या मेंदूत शिरतही नाही. पण वारेतून ती बाळापर्यंत जाते. बाळाचा मेंदू आता सुरू होणार आहे."

"आजपर्यंत गेली त्याचं काय?" उत्पलाने विचारलं.

"आजपर्यंत त्याला मेंदू असा नव्हताच. आज थांबलात तर मला फारसा धोका दिसत नाही."

मग त्यांनी दुसरी बाजू सांगितली. गोळी थांबली की रखवालदार आठवड्यात परत जागेवर येईल. तयार झालेल्या चांगल्या पेशी तीन-चार महिने टिकतील, मग संपतील. पाचव्या महिन्यापासून उत्पलाचं जुनं दुखणं परत येईल, तेही गरोदरपणात. गर्भपात कायद्याने करता येईल, आणि तसं ठरवलं तर कोणी बोट दाखवणार नाही.

परतीच्या बसमध्ये लाखनी गेल्यावर प्रशिक म्हणाला, "तू ठरव. तू म्हनशील तसं."

उत्पलाला ते आवडलं नाही. ज्याला दुखणं माहीत नाही त्याने "तू म्हणशील तसं" म्हणायला काय लागतं, असं तिच्या मनात आलं. तिच्या हिशेबाने गोष्ट सरळ होती. दुखणं तिचं होतं, ओळखीचं होतं आणि त्याला शेवट होता. मुलाचं जे काही बिघडेल त्याला शेवट नव्हता. गोळी बंद राहील आणि मूल राहील, असं तिने साकोलीचा स्टँड यायच्या आत ठरवलं.

आईला सांगायला ती लाखांदूरजवळच्या गावी गेली. पंचशीला अंगणात धान पाखडत होती. तिने ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं.

"पाडून टाक," ती म्हणाली.

"आई, मी विचार केला आहे."

"आम्रपालीनंही केला होता." पंचशीलाने सूप पुन्हा उचललं. उत्पला निघाली तेव्हा तिने विचारलं, "उरलेल्या गोया कुठी ठेवल्या?"

"कपाटात. नंतर लागतीलच."

कार्यालयात उत्पलाने स्वतःच कळवलं. तिचं आरोग्य प्रमाणपत्र गोळीवर अवलंबून होतं, त्यामुळे लपवणं तिला जमलं नसतं. कनिष्ठ अभियंता बिचारा चांगला माणूस होता. त्याने तिला तक्रार केंद्रात टेबल दिलं आणि तिचा पट्टा, हातमोजे, हेल्मेट सही घेऊन कपाटात टाकलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर ती लोकांचे फोन घेत राहिली. या काळात प्रशिक खूश होता. त्याला वाटलं, डॉक्टरांनी उगीच घाबरवलं.

दिवाळी होऊन थंडी पडली आणि एका दुपारी ते आलं.

उत्पला जेवून उठत होती. डाव्या मांडीत कळ आली, ती कंबरेत चढली, मग दोन्ही दंडांत. दहा मिनिटांत ती जमिनीवर आडवी झाली होती. प्रशिकने तिला कधी रडतानाही पाहिलं नव्हतं. आता तिच्या तोंडातून जो आवाज येत होता तो त्याला माणसाचा वाटला नाही. त्याने फ्रीजमधली बर्फाची पिशवी काढून मांडीवर ठेवली. ती किंचाळली; गारव्याने हे दुखणं वाढतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने रुग्णवाहिका बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने आधी मूतखडा आहे का ते तपासलं, मग कार्ड पाहून पुस्तक उघडलं, मग नागपूरला फोन लावला. सलाईन लागायला दीड तास गेला. प्रशिकने तेवढ्या वेळात पंचशीलाला फोन केला होता. ती संध्याकाळच्या आत पोचली.

ती आल्यावर वॉर्डात काय काय बदललं ते प्रशिक नंतर पुष्कळदा लोकांना सांगत असे. तिने पंखा बंद केला. खिडकीला चादर लावली. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही मांड्यांशी ठेवल्या. नर्सला म्हणाली, "बाई, सलाईन थंडं आहे. हातात धरून कोमट करा, मंग लावा." आणि प्रशिकला जवळ बोलावून उत्पलाच्या छातीवर त्याचा हात ठेवला.

"एका मिनटात किती दम घेते ते मोज. वीस असंल तं ठीक. पंचवीस झाले तं फोन कर. तीस झाले तं फोन बी करू नोको, गाडी काढ. आम्रपालीच्या येळी आमी थांबलो होतो."

चार दिवसांनी उत्पला घरी आली. पंचशीला सोबतच राहिली. तिच्या हाताखाली प्रशिक शिकत गेला. पाणी किती पाजायचं, डोळ्याचा पांढरा भाग किती पिवळा झाला तर चालतं, कोणता ताप साधा आणि कोणता नाही, हे सगळं त्याला येऊ लागलं. एका रविवारी तो कपाटातलं पाकीट हातात घेऊन उत्पलापाशी येऊन बसला.

"एका गोळीनं काय होईल? एकच."

"ठेव ते," उत्पला म्हणाली. त्याने ठेवलं. पंचशीला चुलीशी पेज ढवळत होती. तिने वळून पाहिलं नाही.

त्यानंतर दुखणं दोनदा आलं, पण पहिल्याइतकं नाही.

डिसेंबरच्या दहा तारखेला तपासणी होती. सत्ताविसावा आठवडा संपत आला होता. हरकरे मॅडमनी रक्ताचा अहवाल दोनदा पाहिला, नमुना पुन्हा लावायला सांगितला, आणि तोही पहिल्यासारखाच निघाला. मग त्यांनी प्रशिकला बाहेर थांबायला सांगितलं.

"तुम्ही गोळी घेतली का?"

"नाही."

"मी रागावणार नाही. पण मला खरं सांगा."

"मॅडम, नाही घेतली."

"ऑक्टोबरमध्ये बाळाचं हिमोग्लोबिन अकरा टक्के होतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला नऊ. आज सोळा आहे. गरोदरपणात ते आपोआप थोडं वाढतं, पण असं नाही. कोणीतरी रखवालदाराला हटवलंय. दोन-तीन आठवडे तरी."

उत्पलाने प्रशिकवर क्षणभरही संशय घेतला नाही. खोटं लपवणं त्याला जमत नसे. घरी पोचल्यावर तिने कपाट उघडून पाकीट मोजलं. सात गोळ्या असायला हव्या होत्या, चार होत्या.

पंचशीला तांदूळ निवडत होती. उत्पला तिच्यासमोर बसली आणि तिने पाकीट मध्ये ठेवलं.

"कशातून दिली?"

पंचशीलाने नाकारलं नाही. "पेजीतून," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं बाळाला काय होतं ते. मी सांगितलं होतं."

"तू सांगतलं, होऊ शकते. किती होते, होतेच का, हे त्या डॉक्टरीनले बी माहीत नाही. अन् गोळी नाही देली तं काय होते, हे मले माहीत होतं. मीनं ते पाहिलं आहे. त्या खाटेवर बसून पाहिलं आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "तुले तुझ्या लेकराचं पडलं. मले माझ्या."

"ते ठरवायचं माझं होतं, आई."

"होतं," पंचशीला म्हणाली.



"उद्या सकाळच्या बसनं जा," उत्पला म्हणाली.

पंचशीलाने निवडलेले तांदूळ डब्यात भरले, खडे बाहेर टाकले आणि पिशवी भरायला उठली.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी उत्पलाला खोकला आला. दहा वाजता प्रशिकने तिच्या छातीवर हात ठेवून मोजलं. सव्वीस. फोन करायला उठला, पुन्हा मोजलं. एकतीस. त्याने फोन खिशात टाकला आणि पाणीपुरवठ्याची जीप काढली. वाटेत भंडाऱ्याला थांबून त्याने प्राणवायूचा सिलिंडर घेतला. नागपूरला पोचली तेव्हा तिची नखं निळी पडली होती.

तिचं रक्त काढून दुसरं भरायचं होतं. तिला लहानपणी इतक्यांदा रक्त दिलं गेलं होतं, की तिच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली होती आणि चालेल असं रक्त मिळणं अवघड होतं. दात्यांची जुनी यादी कोणाकडे नव्हती. हरकरे मॅडमनी स्वतःच्या जुन्या वहीतून अकरा नंबर काढले. आठ लागले नाहीत. एक माणूस वारला होता. दोघं आले. दुसऱ्या दिवशी तेहेतीस आठवडे पाच दिवसांवर सिझेरियन झालं. मुलगी, पावणेदोन किलो. उत्पला तीन दिवस कृत्रिम श्वासावर होती, मग उठून बसली.

"ते सोळा टक्के होते म्हणून मी वाचले का?" तिने मॅडमना विचारलं.

मॅडमनी चष्मा पुसला. "होय म्हणता येणार नाही. नाही असंही मी म्हणणार नाही. नऊ टक्के असते तर तुम्ही रस्त्यातच गेला असता का, हे सांगणारं यंत्र माझ्याकडे नाही."

पंचशीला आठ दिवस रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून होती. प्रशिक तिला चहा नेऊन देई, बाळाचा फोटो दाखवी. उत्पलाला ती बाहेर असल्याचं माहीत होतं. तिने आत बोलावलं नाही. नवव्या दिवशी पंचशीला गावी परतली.

मुलीचं नाव मल्लिका ठेवलं. ती दहा महिन्यांची झाल्यावर अंगावरचं दूध तोडून उत्पलाने रविवार पुन्हा सुरू केला. वर्षभरात ती लाईनवर परतली. मल्लिका पाळणाघरात जाई. पंचशीला वाढदिवसाला येई, फ्रॉक आणी, दोन तास बसून जाई. ती असेपर्यंत उत्पला खोलीतून हलत नसे. दोघी कामापुरतं बोलत. प्रशिकने एकदा विषय काढला, तेव्हा उत्पला म्हणाली, "मला राग नाही. विश्वास नाही."

मल्लिका चालायला लागली वेळेवर. बोलायला मात्र लागेना. अडीच वर्षांची झाली तेव्हा तिचे शब्द अकरा होते. उत्पला ते एका कागदावर लिहून नागपूरला घेऊन गेली. तिथे दोन दिवस तपासण्या झाल्या. ठोकळे, चित्रं, आवाज, मेंदूचा आलेख.

"उशीर आहे," हरकरे मॅडम म्हणाल्या. "मोठा नाही, पण आहे. कशामुळे, ते विचाराल तर मला माहीत नाही. लवकर जन्मलेल्या मुलांत असा उशीर होतो. त्या दिवशी तुम्हाला प्राणवायू कमी पडला, त्यानेही होईल. त्या गोळ्यांनीही होईल. काहीही नसताना होणारी मुलंही पुष्कळ असतात. रोज तिच्याशी समोर बसून बोलणारं माणूस हवं. पाळणाघरात वीस मुलांत ते होत नाही."

मग त्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. आईच्या पोटात असताना ही गोळी पोचलेल्या मुलांची ती देशभरची नोंदवही होती. तोपर्यंत तिच्यात एकोणीस मुलं होती, सगळी पहिल्या काही आठवड्यांतली. चोविसाव्या आठवड्याच्या आसपासचं एकही नव्हतं.

"मल्लिका विसावी होईल, आणि तिच्यासारखी पहिली. उद्या कोणी बाई माझ्यासमोर बसून सहाव्या महिन्यात गोळी घ्यावी का विचारेल, तर माझ्याकडे सांगायला आज काही नाही. पण सक्ती नाही. तारखा लागतील, मात्रा लागेल. आणि औषध कसं घेतलं गेलं तो रकाना आहे. दुसऱ्याने न सांगता दिलं, असं लिहिलं तर चौकशी होऊ शकते. ते तुम्ही पाहा."

रविवारी उत्पला मल्लिकाला घेऊन स्कूटरने आईच्या गावी गेली. फॉर्म भरून द्यायचा तर तारखा हव्या होत्या, आणि त्या एकाच माणसाला माहीत होत्या. बाकीचं तिने आधीच ठरवलं होतं. 'स्वतःहून घेतले' या चौकोनात ती खूण करणार होती. आईला माफ केलं म्हणून नव्हे. साठीकडे झुकलेल्या बाईला तपासाला उभं करून मल्लिकाला काही मिळणार नव्हतं.

पंचशीलाने चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला.

"चौदा नोव्हेंबर," ती म्हणाली. "एकवीस अन् अठ्ठावीस. तिन्ही दिशी सकाळी, नऊच्या आसपास. आख्खी गोळी, बत्त्यानं कुटून." उत्पला लिहीत गेली. "थांब. एकवीसची पूर्न नाही लिहू. तुले उलटी झाली होती, पेज पिऊन थोड्या वेळानं. अर्धी तरी बाहेर आली असंन. ते बी लिही."

उत्पलाने लिहिलं. मग ती पुढच्या रकान्याकडे आली आणि पेन टेकवलं.

"ते काय करून राहिली?" पंचशीला वाकून पाहत म्हणाली. "स्वतःहून कायले?"

"चौकशी होईल, आई. पोलीस येऊ शकतात."

"येऊ दे. तू घेतली असं लिहिलं तं डॉक्टर म्हनन, ही बाई ठीक वाटत होती म्हनून घेऊन राहिली होती, का दुखत होतं म्हनून? कधी घेतली, कधी चुकवली? तुले काय सांगता येईल? तुले तं माहीतच नव्हतं. मंग त्या कागदाचा काय उपेग?" तिने फॉर्म आपल्याकडे ओढला. "कोन्या दुसऱ्या मायच्या हातात अशी गोळी असंन. तिले खरं कळलं पाहिजे. माझं नाव टाक."

उत्पलाने तिच्याकडे पाहिलं. तिने फॉर्म परत घेतला, 'अन्य' वर खूण केली आणि लिहिलं: रुग्णाला न सांगता, रुग्णाच्या आईने, पेजेतून. देणाऱ्याचं नाव: पंचशीला रामटेके. पंचशीलाने खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

तेवढ्यात उत्पलाचा फोन वाजला. बारव्ह्याला जाणाऱ्या विजेच्या फिडरवर झाड पडलं होतं, दोनच माणसं हजर होती, आणि साकोलीपेक्षा ती इथून जवळ होती. तिने अंगणात पाहिलं. मल्लिका कोंबडीमागे फिरत होती. रविवारी पाळणाघर बंद असे, प्रशिक पंपावर होता. पण या गोष्टी तिने मनात आणल्या त्या सवयीने. त्यांच्यावाचूनही ती तेच करणार होती.

"हिला ठेवू का?"

पंचशीलाने चष्मा काढून ठेवला. "किती वाजेपर्यंत?"

"चार. वरण-भात खाते. मागत नाही, हात धरून नेते. पण तोंडाकडे पाहायला लावायचं, शब्द म्हणायचा, मग द्यायचं. डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे."

"बरं."

उत्पलाने स्कूटर सुरू केली. फाटकाशी येऊन तिने एकदा मागे पाहिलं. पंचशीला मातीत मांडी घालून बसली होती. मल्लिकाची हनुवटी दोन बोटांनी वर धरून ती सावकाश, ओठ उघडून सांगत होती, "कोंब-डी." मल्लिका तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. काही बोलली नाही. पंचशीलाने पुन्हा म्हटलं.

उत्पलाने फाटक ओढून घेतलं आणि गाडी बारव्ह्याच्या रस्त्याला लावली.